सिताराम गुरव आणि रुईचं पाखरू

सिताराम गुरवाला पान दिसलं की ते उलटून बघायची खोड होती. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पळसाच्या पत्रावळ्या लावायच्या आणि मारुतीला पानं वाहायची, हाच ज्या घरचा पिढीजात धंदा, त्या घरच्या माणसाला पानाची पाठ आधी दिसते. पण सितारामाची खोड धंद्यापुरती नव्हती. लग्नाच्या पंगतीत बसला तरी वाढप्याने भात टाकायच्या आत हा पत्रावळ उचलून खालून बघून घ्यायचा, आणि तीही बहुतेक वेळा त्याने स्वतःच लावलेली. पेडगावाजवळच्या त्या लहानशा गावात यावरून त्याची भरपूर थट्टा व्हायची. तो हसायचा आणि बघायचं ते बघायचाच.

गावाच्या वेशीपाशी मारुतीचं देऊळ होतं आणि पूजा सितारामाकडे होती. दर शनिवारी सकाळी मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांचा हार पडायचा. आज्याने तो चुकवला नव्हता, बापाने चुकवला नव्हता. बापाने शेवटच्या दुखण्यात पोराला जवळ बोलावून जमीनजुमल्याचं काही सांगितलं नाही, कारण नव्हताच. "शनवारचा हार चुकवू नको," एवढंच तो म्हणाला. हाराचा नियमही कडक होता. पान अख्खं पाहिजे. भोक पडलेलं, कुरतडलेलं पान देवाला चालायचं नाही. त्यामुळे प्रत्येक पान उलटंपालटं करणं आलं, आणि तिथेच सितारामाची रुईवरच्या अळीशी ओळख झाली.

काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या जोड्या. दुसरा कुणी असता तर त्याने टिचकीने उडवून दिली असती. सितारामाला मात्र प्रश्न पडला. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो म्हणतात, शेळीसुद्धा तिथे तोंड घालायच्या आधी विचार करते, मग हिला हे पचतं कसं? त्याने तसल्या दोन अळ्या पानांसकट घरी आणल्या आणि कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवून दिल्या. बायको तानुबाई कपाळाला हात लावून उभी राहिली.

"कोंबड्या उघड्यावर अन् अळी डालग्यात! लोकं काय म्हणतील वो?"

"कोंबडी खाऊन टाकंल की तिला."

"खाऊ द्या! तेवढंच तिचं पोट भरंल."

पण तसं झालं नाही. एक अळी डालग्याबाहेर निसटली, कोंबडीने ती उचलली आणि लगेच थुंकून टाकली. वर मातीत चोच पुसत बसली. सितारामाचा आनंद काय विचारता! पुढे उरलेली अळी डालग्याच्या काडीला उलटी लटकली, तिचा हिरवट मण्यासारखा कोष झाला, आणि एका सकाळी त्यातून नारंगी रंगाचं, काळ्या काठाचं, पंखांच्या टोकावर पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू निघालं. तानुबाईनेच मग शेजारणींना हाका मारल्या. "बाई बाई, रंग बघा की, लुगडं घ्यावं तर असल्या रंगाचं!" त्या दिवसापासून डालग्यावरून घरात तक्रार झाली नाही.

बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवले, माणसं खडी फोडायला गेली, सिताराम आणि तानुबाईही गेली. विहिरीच्या ओल्या काठावर बसणारी पिवळी, पांढरी, निळसर फुलपाखरं कुठे गेली कुणास ठाऊक. कडुलिंबाचा पालाही गुरांपुढे पडला. पण बांधावरची रुई हिरवीगार उभी होती, आणि तिच्याभोवती ते नारंगी पाखरू कसली घाई नसल्यासारखं रमतगमत फिरत होतं. हार चुकला नाही. गाव म्हणालं, देवाची लीला. सितारामही तेच म्हणाला. पण खडीच्या कामावरून येताना त्याने पहार घेऊन एका रुईचं मूळ उकरायला घेतलं. कंबरभर खड्डा झाला तरी मूळ खालीच चाललं होतं. देवाने लीला केली ती कशी केली, एवढंच त्याला बघायचं होतं.

मग चार-पाच वर्षांनी कालव्याचं पाणी आलं. गावाने नारळ फोडले. आबासाहेब, ज्यांचा शब्द गावात खाली पडत नसे, त्यांनी यंत्र आणवून आपले सगळे बांध सपाट केले. त्यांचं बघून बाकीच्यांनी केले. जिथे ज्वारी आणि कापूस होता तिथे ऊस आला, गहू आला, फुलकोबीसुद्धा आली. बांधावरची रुई मुळासकट निघाली. जी चुकून राहिली तिच्या पायाशी पाणी साचलं, पानं पिवळी पडली आणि बुंधे कुजले. रुईसाठी कोण रडणार? सितारामालाही पाण्याचा आनंदच होता. दुष्काळ ज्याने अंगावर काढलाय तो पाण्याला नावं ठेवत नाही.

पण बघायची खोड जाते कुठे. कालव्याच्या चिखलावर आता पिवळ्या फुलपाखरांचे थवे बसत होते. कोबीवर पांढरी घिरट्या घालत होती. पाटाच्या दाट गवतातून दिवेलागणीला वाळक्या पानासारखी एक तपकिरी जात उडायची, ती तर त्याने जन्मात पाहिली नव्हती. ही कुठून आली? यांना पाणी आल्याची खबर कुणी दिली? आणि नारंगी पाखरू दिसेनासं का झालं? एवढी हिरवळ असताना ते उपाशी कसं राहील?

एकदा देवळाच्या अंगणात ते दिसलं. मादी असावी, अंडी घालायला पान शोधत होती. तुळशीच्या पानाला तिने पाय टेकले, उडाली. कण्हेरीला टेकले, उडाली. जास्वंद, झेंडू, सगळ्यांना शिवून बघितलं आणि शेवटी उसाच्या दिशेने निघून गेली. घागर घेऊन दारोदार फिरावं आणि प्रत्येक घराने नाही म्हणावं, तसं झालं. सिताराम पूजेचं ताट हातात धरून तसाच उभा राहिला. तिला रुई हवी होती. त्यालाही रुईच हवी होती.

म्हणून त्याने देवळामागे रुई लावली. लांबून रोप उकरून आणलं, चांगली काळी माती घातली, शेणखत घातलं आणि रोज मारुतीच्या स्नानाचं पाणी मोठ्या भक्तीने तिच्या मुळाशी ओतलं. एवढी बडदास्त त्या झाडाच्या सात पिढ्यांत कुणी ठेवली नसेल. रोप मान टाकत गेलं, तसं त्याने पाणी वाढवलं. शेवटी त्याने उपटून बघितलं तर मूळ लिबलिबीत झालेलं. जे झाड बहात्तरला मेलं नाही, ते आपण तीर्थ पाजून मारलं! सिताराम आधी हसला, मग फार खजील झाला.

हार इतके दिवस इकडून तिकडून पानं वेचून निभला होता, पण आता साऱ्या शिवारात रुई एकाच ठिकाणी उरली होती, नागनाथच्या माळावर. हा नागनाथ बौद्धवाड्यातला. छप्पन साली त्याच्या बापाने घरातले देव नदीत सोडले होते. त्याआधी हे घर मारुतीला लांबून, रस्त्यावरूनच हात जोडायचं. पायरी चढायची मुभा नव्हती. वाट्याला आलेली जमीन म्हणजे मुरमाड उंचवटा. कालव्याचं पाणी खालून जात होतं, वर चढत नव्हतं. आता ज्या घराला पायरी चढू दिली नाही, त्याच घरी त्याच देवासाठी पानं मागायला जायचं होतं. सिताराम दोनदा निघाला आणि दोनदा वाटेतून परतला. तिसऱ्यांदा शुक्रवार होता, इलाज नव्हता.

नागनाथ दगड वेचत होता.

"या गुरव. इकडं कामून वाट वाकडी केली?"

"रुईची पानं पायजे होती. शनवारच्या हाराला." सिताराम खाली बघत म्हणाला. "खाली कुठं राहिली न्हाई."

नागनाथने हातातला दगड ढिगावर टाकला. "तुमच्या देवाचं अन् आमचं काय न्हाई बगा."

"ठावं हाय मला."

"पण पानं काय देवाची न्हाईत, झाडाची हायत. न्या. झाड वरबडू नका, एवढंच."

सिताराम हार करत राहिला. काही शनिवार निभले. नागनाथ दिसला की दोन शब्द व्हायचे, पावसाचे, जनावराचे. आणि मग एका शनिवारी, उजाडताना, टोपली घेऊन तो माळावर गेला आणि जागीच थबकला. त्या चार-पाच झुडपांवर नारंगी फुलपाखरं उडत होती, एवढी की त्याने बांधांच्या दिवसांतही एका जागी पाहिली नव्हती. साऱ्या शिवारातून हुसकावलेली ती इथे गोळा झाली होती. त्याने पान उलटलं. पाठीवर अळी होती. दुसऱ्यावर मोहरीएवढं पांढुरकं अंडं. तिसऱ्यावर अळी. अर्धीअधिक पानं खाऊन झालेली होती. अख्खी होती ती जेमतेम एका हाराला पुरली असती, आणि त्यांच्यावरही अंडी होती.

सिताराम तिथेच बसला. पानं नेली तर ही खाणार काय? दुसरीकडे जायला यांना जागा नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. नाही नेली तर बापाचा शब्द मोडत होता. ऊन वर आलं तरी त्याचे हात हलेनात. अळ्या कडेकडेने पान कुरतडत होत्या, तो बघत होता. शेवटी त्याने बापाची मनोमन माफी मागितली आणि रिकामी टोपली घेऊन उतरला.

देवळात त्याने मारुतीला शेंदूर लावला, फुलं वाहिली. गळा मोकळाच राहिला. आता गाव विचारणार, बोट दाखवणार. आबासाहेब आले, त्यांनी घंटा वाजवली, हात जोडले आणि वळून म्हणाले, "गुरव, पाण्याची पाळी आज आमची हाय, माझा पोरगा आला तर वावरात धाडा." आणि गेले. पाटील मंडळी आली, बायका आल्या, तेल वाहिलं, नारळ फुटले. उसाचं बोलले, मोटारीचं बोलले. मारुतीच्या गळ्याकडे कुणाचंच ध्यान गेलं नाही. सितारामाला आधी सुटल्यासारखं वाटलं. दुपार झाली तसं त्याला वाईट वाटायला लागलं, आणि उन्हं कलेपर्यंत त्याला रडू येण्यापुरतं वाईट वाटत होतं. तीन पिढ्यांनी जे जिवापाड जपलं, ते नसलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं.

तिन्हीसांजेच्या आधी नागनाथ दुकानातून मीठ घेऊन चालला होता. देवळासमोर रस्त्यावरच थांबला.

"गुरव, बरं न्हाई का तुमाला?"

"कामून?"

"शनवार हाय अन् हार दिसंना गळ्यात. म्हणलं, आजारी पडले का काय."

सितारामाने त्याला सगळं सांगितलं, अळ्यांचं, अंड्यांचं, बापाचंही. नागनाथने मिठाची पुडी या हातातून त्या हातात घेतली.

"म्या बी बगतो त्यास्नी रोज," तो म्हणाला. "सकाळी आधी तिकडंच जातो. घरचे हसायलेत मला. तुमी असं करा, पुढल्या शनवारी रुईची फुलं न्या. फुलाला न्हाई शिवत त्या अळ्या."

"बगितलंय तुमी?" सितारामाने विचारलं. नागनाथला तो आजवर अरेतुरे करत आला होता.

"लय दिस झाले बगायलोय," नागनाथ म्हणाला, आणि सितारामाने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.