आवतणांनी भरलेली डिस्क

आमच्या शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर अमरावतीच्या कार्यालयात आहे आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे. रोज सकाळी चहाच्या आधी मी मेल साठवणाऱ्या डेटाबेसची फाइल किती फुगली आणि डिस्कवर किती जागा उरली ते बघतो. लोकांना ही सवय विचित्र वाटते. वाटू दे.

त्या दिवशी सकाळी सगळं ठीक होतं. दुपारी डिस्क काठोकाठ भरली आणि मेल येणंच बंद झालं. कारण शोधायला वेळ लागला नाही. आमच्या बडेबाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, मुलीचं लग्न ठरलं होतं. एकच पत्रिका सगळ्यांना धाडली असती, तर सर्व्हरने तिची एकच प्रत ठेवली असती. पण आमच्या वऱ्हाड भागात नाव घेतल्याशिवाय आवतण होत नाही. त्यांनी प्रत्येकाच्या नावाचा वेगळा व्हिडिओ करून पाठवला होता, शिपायापासून अध्यक्षांपर्यंत, अकोल्याकडच्या शाखांसकट.

मी चरफडत होतो, तोच पातूरच्या शाखेतल्या बाईंचा फोन आला. अमरावतीला बदलीचा अर्ज संध्याकाळपर्यंत मेलनेच पोचायला हवा होता आणि तो सारखा परत जात होता. त्यांचे यजमान डायलिसिससाठी अमरावतीला बहिणीकडे राहतात. बाईंचा आवाज रडवेला झाला होता.

व्हिडिओ पुसले तरी फाइल आकसत नाही, पण तिच्या आत जागा मोकळी होते आणि नवे मेल तिथे मावतात. तेवढं पुरे होतं. तरी लग्नाचं आवतण न विचारता पुसायला हात धजेना. बडेबाबूंकडे गेलो. ते आधी भडकलेच. मग मी पातूरचं सांगितलं.

"पुसा," ते म्हणाले. "आवतण मी तोंडानं देतो. पयले त्या बाईले सांगा, अर्ज धाडा म्हना."

अर्ज पोचला. बडेबाबू दिवे लागेपर्यंत एकेकाला नावानिशी फोन करत बसले. पुढे बाईंची बदलीही झाली.

लग्नाला बाई आणि त्यांचे यजमान दोघं आले. पंगतीत यजमानांच्या ताटात मोजकंच होतं, पाणीसुद्धा घोटभर. बडेबाबूंचा आग्रह आमच्याकडे प्रसिद्ध. माणूस ताटावर हात आडवा धरतो आणि ते बोटांवर जिलेबी ठेवून जातात. त्या दिवशी ते परात घेऊन आले, यजमानांसमोर क्षणभर थांबले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे सरकले. त्या अख्ख्या पंगतीत त्यांनी कुणालाच आग्रह केला नाही.