सही, वेळ आणि 'डॉक्टर इन्फॉर्म्ड'

नर्सचा युनिफॉर्म धुवायला टाकताना खिसा रिकामा केला की त्यातून काय काय निघतं! सुयांची टोपणं, चिकटपट्टीची गुंडाळी, अर्धं पेन, कुण्या बाळंतिणीच्या सासूनं दिलेला पेढा. कधी ठेवलं ते आठवत नाही. आमच्या वर्गाचे किस्से असेच जमले. मी काही ते जमवायला गेले नव्हते.

मी गेले होते शिकवायला. बदलापूरची मी, पण शिकले लांब. बेंगळुरूला नर्सिंगची डिग्री, मग स्कॉटलंडला मास्टर्स. तिथंच ठरवलं, परत जायचं आणि आपल्या नर्सना शिकवायचं. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका अभ्यासकेंद्रात जागा मिळाली. डिप्लोमावर वर्षानुवर्षं हॉस्पिटलांत राबणाऱ्या नर्सना इथं नोकरी सांभाळून, दूरशिक्षणानं बी.एस्सी. नर्सिंग करता येतं. वर्ग शनिवार-रविवार. माझ्या डोळ्यांसमोर वही-पेन सरसावून बसलेल्या, ज्ञानाला आसुसलेल्या तीस मुली होत्या.

प्रत्यक्षात मिळाली पापडाच्या होलसेल दुकानावरची एक खोली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक डमी आणि अकरा विद्यार्थी. त्यांतले नऊ झोपलेले.

*

पहिल्या दिवशी मी नर्सिंगचे सिद्धांत घेतले. स्कॉटलंडच्या पद्धतीनं: दहा मिनिटं एकट्यानं विचार करा, मग गटात चर्चा. फोनवर टायमर लावला. सगळे ड्यूटी करून थेट आलेले. विचार करता करता एकेकाची मान छातीवर टेकली. मला वाईट वाटलं, थोडा रागही आला.

दहा मिनिटांनी टायमर वाजला. पीं, पीं, पीं.

अकराच्या अकरा जण ताडकन उभे! कुणी पायांनी चपला शोधतंय, कुणी भिंतीकडे वळून सलाईनचा स्टँड चाचपतंय. कविता तलरेजा तर दारापर्यंत पोचली होती. कविता कॅम्प चारचीच, घरी सिंधी, बाहेर अर्धं हिंदी अर्धं मराठी. दारातूनच परत वळून म्हणाली, "मॅडम, ये अलार्म बदलो ना प्लीज! आमच्या आयसीयूचा पंप सेम टू सेम असाच वाजतो. एक दिन मुझे ही अ‍ॅडमिट करना पडेगा!"

पुढच्या आठवड्यात मी पाखरांच्या किलबिलाटाचा टायमर लावला.

कुणीही उठलं नाही.

*

हिराताई भोईरांचं आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती आहे. बारवी धरणाजवळच्या एका पाड्यावरच्या. वय सत्तेचाळीस. अंबरनाथच्या एका हॉस्पिटलात बावीस वर्षं. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर व्हायचं तर डिग्री लागते, म्हणून इथं नाव घातलेलं. बाकी सगळे पेपर सुटले, कम्युनिटी हेल्थचा मात्र दोनदा गेला. यंदाच्या परीक्षेनंतर त्यांच्या नोंदणीची मुदत संपत होती. हा पेपर गेला तर सुटलेले पेपरही गेले, पुन्हा पहिल्यापासून.

"पहिल्यापासनं मी नाय करणार," त्यांनी मला आल्या आल्या सांगून टाकलं. "सुटला तर सुटला. नायतर हाय ते बरं हाय."

हाय ते किती बरं होतं, ते कवितानं सांगितलं. हिराताईंनी जिला सलाईन लावायला शिकवलं, ती तेवीस वर्षांची मुलगी आता त्यांची इन्चार्ज होती. ताईंची ड्यूटी तीच लावायची.

*

आमच्याकडे संतोष ब्रदर आहे. पुरुष नर्सला हॉस्पिटलात 'ब्रदर' म्हणतात. हा एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या दवाखान्यात असतो. एकदा डमीवर इंजेक्शनचा सराव चालला होता. हिराताईंची पाळी आली. त्यांनी सिरिंज भरली, डमीचं मनगट उचललं आणि सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली.

"हिच्या हाताला नावाची पट्टी नाय."

"ताई, ती डमी आहे," मी म्हणाले.

"असू दे. नाव वाचल्याबिगर मी सुई नाय लावत."

वर्ग हसला. संतोषनं चिकटपट्टी फाडली, त्यावर सुचलं ते नाव लिहिलं आणि डमीच्या मनगटाला गुंडाळली. हिराताईंनी नाव मोठ्यानं वाचलं, तारीख विचारली, मगच इंजेक्शन दिलं.

संध्याकाळी केंद्राचा कारभार बघणारे देशमुख सर खोली बंद करायला आले. डमीच्या हाताकडे बघत राहिले. पट्टीवर लिहिलं होतं: देशमुख, पुरुष, ५८, बेड नंबर १.

"हे काय? मला काय झालंय?"

संतोष गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सर, काळजी करू नका. स्टेबल आहात."

*

आता मुख्य दुखणं. मी सराव परीक्षा घेतली. प्रश्न होता: लोकसंख्यावाढीची कारणे व परिणाम लिहा. वीस मार्कांचा, म्हणजे चार-पाच पानं. हिराताईंनी लिहिलं होतं, नर्सच्या इंग्रजीत, साडेतीन ओळी. लवकर लग्न. मुलगा पाहिजे. शिक्षण कमी. दवाखाना लांब. आणि शेवटी: डॉक्टर इन्फॉर्म्ड.

मी दुसरा प्रश्न बघितला. शहरातील हवेचे प्रदूषण. दोन ओळी, डॉक्टर इन्फॉर्म्ड. तिसरा प्रश्न, ग्रामपंचायतीची आरोग्यविषयक कर्तव्ये. डॉक्टर इन्फॉर्म्ड!

"ताई, ग्रामपंचायतीचं डॉक्टरला कशाला कळवायचं?"

त्यांनी पेपर उलटून बघितला. "मग कोनाला कळवायचं?"

दोनदा पेपर का गेला, ते मला कळलं. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरसाठी नोंद लिहितात ना, तसंच त्या पेपर लिहीत होत्या: कमीत कमी शब्द, आणि जबाबदारी पोचवून मोकळं. मला त्या दिवशी एक कल्पना सुचली आणि स्वतःचाच फार अभिमान वाटला. मी वर्गाला सांगितलं, "प्रश्न म्हणजे पेशंट समजा. सीरियस पेशंट. त्याची नोट तुम्ही दोन ओळींत उरकता का? काय बघितलंत, का केलंत, कसं केलंत, त्यानं काय फरक पडला, एकही गोष्ट गाळू नका. पेशंटची लिहिता तश्शी लिहा."

हिराताईंनी हे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं. महिन्याभरात साडेतीन ओळींची अडीच पानं झाली. 'डॉक्टर इन्फॉर्म्ड' सुटायला मात्र आणखी एक महिना गेला.

*

कम्युनिटी हेल्थच्या सर्व्हेसाठी मी त्यांना त्यांच्याच पाड्यावर घेऊन गेले. खरं तर त्याच मला घेऊन गेल्या. माझ्याकडे छान छापलेला फॉर्म होता. पहिल्याच घरी एक म्हातारी भात पाखडत बसलेली. मी विचारलं, "आजी, पिण्याच्या पाण्याचा स्रोत काय?"

म्हातारीनं हिराताईंकडे बघितलं. हिराताई म्हणाल्या, "आये, पानी कुठलं, इचारते ती."

म्हातारीनं सूप थांबवलं आणि धरणाकडे बोट केलं. "पानी? त्या काय समोर. बग ना, कवरा पानी हाय!"

मी आनंदानं 'धरण' लिहायला घेतलं. हिराताईंनी माझा हात धरला. त्या धरणाचं पाणी नळानं खाली शहरांना जातं. पाड्याला एक विहीर, ती उन्हाळ्यात तळाला लागते. मग बायका हंडे घेऊन दोन टेकड्या चढतात.

"मग काय लिहू?" मी विचारलं. फॉर्मवर पर्याय होते नळ, विहीर, बोअर, इतर.

"'इतर'वर खूण करा," हिराताई म्हणाल्या. "आनि पुढं लिवा, 'दिसतं'."

*

एक किस्सा हसण्यासारखा नाही, पण नंतरचं कळायला तो लागतो. हिराताईंच्या वॉर्डात एका नव्या सिस्टरनं औषधाची वेळ चुकीची लिहिली. पेशंटला काही झालं नाही. पण नातेवाईक भांडायला आले, आणि तिथल्या एका डॉक्टरांनी हिराताईंना सांगितलं, ते पान फाडून नवीन लिहा.

नोंद चुकली तर नर्स ती गिरवत नाही, पांढरा रंग लावत नाही, पान फाडत नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी लिहायचं 'चुकून', वेळ टाकायची, सही करायची. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात आणि बहुतेक जण सोयीनं विसरतात.

हिराताई डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, येक पान फाडलं की बाकीची सगली पानं खोटी होतात."

शिक्षा म्हणून त्यांना महिनाभर बायकांच्या वॉर्डातून काढून कॅज्युअल्टीत टाकलं. वर्गात हे ऐकल्यावर मी एवढी भारावले, की फळ्यावर लिहिलं: सही नाही, तर काम झालंच नाही. ते वाक्य सहा महिने पुसलं नाही.

*

परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक आलेच नाहीत. देशमुख सर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच उभ्या राहा." मी सूचना वाचून दाखवल्या. उत्तरपत्रिकेच्या आत नाव, सही, कुठलीही ओळखीची खूण केल्यास पेपर रद्द होईल. ऑपरेशनच्या संमतीपत्रावरचा मजकूर पेशंट ऐकतो, तसं सगळ्यांनी ते ऐकलं.

दहा ते एक पेपर. हिराताई मान खाली घालून लिहीत होत्या. पुरवणी मागितली, दुसरीही मागितली. मला भरून येत होतं. बारा पस्तीसला मी त्यांच्या बाकामागून गेले आणि गृहभेटीवरचं उत्तर सहज वाचलं. तीन पानं, एकही शब्द पुस्तकातला नाही, सगळा पाडा त्यात होता. बाळ पिवळं दिसलं तर उजेडात कसं बघायचं, सासूशी आधी का बोलायचं, सगळं. आणि उत्तराच्या खाली, उजव्या कोपऱ्यात:

१२.३०. एच. भोईर. सही.

मी मागचं पान उलटलं. ११.५५, सही. ११.२०, सही. पेशंटची लिहिता तश्शी लिहा!

वाकून कानात म्हणाले, "ताई, सह्या! सह्या चालत नाहीत आत. आत्ताच्या आत्ता खोडा सगळ्या."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मान हलवली आणि फूटपट्टी हातात घेतली. तेवढ्यात पलीकडे कुणाला तरी पुरवणी हवी होती, मी तिकडे गेले.

एक वाजता उत्तरपत्रिका गोळा केली. पाच सह्या होत्या. पाचही खोडलेल्या. प्रत्येकीवर एकच सरळ रेघ, खालचं स्वच्छ वाचता येत होतं. आणि प्रत्येकीच्या शेजारी: चुकून लिहिले. १२.३८. एच. भोईर. सही.

पाचाच्या दहा झाल्या होत्या.

देशमुख सरांनी कपाळाला हात लावला. बाकीचे निघून गेले होते. सर दार लोटून म्हणाले, "बाई इथंच आहे. कोरी उत्तरपत्रिका देतो, उतरवून काढू दे. कोण बघतंय?"

माझी नजर कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या कपाटाकडे गेली. खोटं कशाला सांगू, गेली.

"सर," हिराताई म्हणाल्या, "पान नाय बदलायचं."

"अहो, पेपर रद्द होईल तुमचा! शेवटचा चान्स आहे ना?"

"हाय ना. मला म्हाईत हाय."

सरांनी गठ्ठा सील केला आणि पर्यवेक्षकाचा अहवाल माझ्यापुढे सरकवला. त्यात एक रकाना होता: गैरप्रकार आढळला, होय / नाही. "सकाळच्या कुरिअरनं युनिव्हर्सिटीला जातो हा. 'होय' लिहिलंत तर ह्यांचा पेपर गेला. 'नाही' लिहिलंत आणि तपासणाऱ्यानं पकडलं, तर केंद्रही गेलं. आणि पेपर चालू असताना तुम्ही उमेदवाराशी बोललात, हे कळलं तर तुमचंही इथलं काम गेलं. रात्रभर विचार करा."

हिराताईंना दुपारची ड्यूटी होती. चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "मॅडम, ते घरभेटीचं वाचलंत ना तुमी? बरोबर होतं?"

"एकदम बरोबर होतं, ताई."

"मग झालं तर," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी केंद्रावर पोचले. कुरिअरवाला यायचा होता. मी अहवाल उघडला. 'होय'वर एक सरळ रेघ मारली, 'नाही'वर एक सरळ रेघ मारली, आणि खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं:

१२.३५. उमेदवाराच्या उत्तरांखाली सही व वेळ दिसली. कामाची सवय. पेपर पेशंटच्या नोंदीसारखा लिहावा, असे मी शिकवले होते. १२.३६. सह्या खोडण्यास मी सांगितले. १२.३८. उमेदवाराने खोडल्या व खोडल्याची नोंद केली. एकही पान बदललेले नाही. उत्तरे तपासावीत.

देशमुख सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. "अहो मॅडम, स्वतःला कशाला घालताय ह्यात?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि शेवटची ओळ लिहिली:

९.१०. युनिव्हर्सिटी इन्फॉर्म्ड.

आणि खाली सही केली.