धुण्याबरोबर आलेलं इंग्रजी

धुणं वाळलं की घडी घालून ठेवता येतं. किस्स्यांचं तसं नाही. एक काढला की त्याच्या बाहीला दुसरा गुंतून येतो! लढाईच्या दिवसांत भिंगारच्या कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांचं, म्हणजे टॉमींचं, धुणं आम्हा परटांकडे होतं. कपड्यांबरोबर त्यांचं इंग्रजीही घरात आलं, आणि ते काही केल्या निघेना.

*

टॉमी शब्द अर्धे गिळायचे, आणि एका "नाही"वर त्यांचं भागायचं नाही. माझे सासरे, मामंजी, त्यांच्याकडूनच शिकले. शर्ट वाळला नसला की ठणकावून सांगायचे, "एन्ट गॉट नो शर्ट!" म्हणजे शर्ट नाही, आणि तेही दोनदा नाही. टॉमी खूश होऊन पाठ थोपटायचा आणि शर्टाचं विसरून जायचा.

*

घरातही तेच! आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, सरपण मागितलं की, "एन्ट गॉट नो सरपण!"

"न्हाई असंल तर मराठीत म्हना," आत्याबाई कडाडल्या, "म्हंजी मला भांडता तरी यील!"

*

शेजारचे मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांना हे ऐकवेना. "मामा, दोन नकार आले की होकार होतो!"

"व्हय? सकाळी तुमी च्या मागितला, तवा वैनी 'न्हाई, न्हाई' म्हनल्या. मिळाला का च्या?"

*

मग नवा कप्तान आला. इस्त्री केल्यासारखा ताठ, शब्दन् शब्द पुरा. बटणं तुटतात म्हणून धुणं दुसऱ्याला देणार, म्हणाला. धुणं गेलं तर आमची चूलच बंद! तो स्वतः काम बघायला घरी आला, तेव्हा बोलायला मास्तरांना उभं केलं आणि मामंजींना तोंड उघडायची बंदी!

चुलीवर हुलग्याच्या पिठाचे तिखट शेंगोळे रटरटत होते. आत्याबाईंनी वाटी पुढे केली.

"नो, नो," साहेब म्हणाला.

"ऐकलंस का सूनबाई? पाव्हना आपल्यावानीच लाजतोय. वाढ!" पाहुण्यानं नको-नको म्हणायचं आणि आपण वाढायचं, हीच आमची रीत.

दुसऱ्या घासाला साहेब लालबुंद! डोळ्यांतून धारा, आणि तोंडातून थेट टॉमींचं इंग्रजी, "एन्ट यू गॉट नो वॉटर?"

मास्तर नकार मोजत राहिले. मामंजी तांब्या घेऊन धावले!

साहेब पाणी प्याला आणि धुण्याचं अवाक्षरही न काढता निघून गेला. मामंजी त्यानंतर मराठीतसुद्धा बोलेनात.

धुण्याच्या दिवशी कॅम्पातला शिपाई आला. मागं खटाऱ्यात सगळ्या बराकीचं धुणं, हातात रिकामा डबा.

"डबा कशापायी?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय की, बाई. साहेबानं एवढंच सांगितलं, तिथं जाऊन 'नो, नो' म्हन."

आत्याबाईंनी हुलग्याचं पीठ काढलं.