डाव्या हाताच्या वाती

मैत्रिणींनो, आत्ताच डोकं धुऊन बसलेय. केसांतली जेल निघता निघत नव्हती.

माझी भाची मेंदूवर अभ्यास करते. डोक्याला जेल लावून तारांची टोपी घालायला तिला कुणी मिळेना, म्हणून सकाळी बसने वागळे इस्टेटला तिच्या प्रयोगशाळेत गेले.

"मावशी, रोजच्या सवयीचं काहीतरी कर."

मी पिशवीतला कापूस काढून फुलवाती वळल्या. मेंदूतल्या विजेची हालचाल पडद्यावर रंगांत दिसत होती. चित्र बरंचसं शांत, निळं.

"आता डाव्या हाताने वळ."

"देवाच्या वाती डाव्या हाताने? नाही गं!"

"या देवाला नको लावूस, मग तर झालं?"

कापूस सुटायचा. एकही वात धड होईना, पण पडद्यावर मात्र लालच लाल. भाची म्हणाली, "नवीन शिकताना मेंदू असाच राबतो. हात चुकला तरी."

माझी लेक सुजाता डावखुरी. देवाचं काम उजव्यानेच, म्हणून लहानपणी मी तिचा हात बदलला. वात बिघडली की ओरडायचे, "लक्षच नाही तुझं, आळशी कुठली!" ती डोळे पुसून परत कापूस घ्यायची.

घरी येताच तिला डोंबिवलीला फोन केला. "सुजे, चुकलं गं माझं. वळ आता डाव्या हाताने. देव काही म्हणणार नाही."

ती हसली. "आई, डाव्याने आता येतच नाही गं मला."

तिच्या बिघडलेल्या वाती मी केरात टाकायचे. तुमच्या घरी डावखुरं लेकरू असेल, तर त्याची वेडीवाकडी वात देवापुढे लावाल ना?