लाल कापडातली वही

शाळेतल्या सरवणकर बाई नसत्या, तर आबांची वही आमच्या घरच्या बंबात जळाली असती. आणि मी, घराण्यातला पहिला पदवीधर, दहावीनंतर आंब्याच्या पेट्या ठोकत बसलो असतो.

आबा म्हणजे माझे आजोबा. इंग्रजांच्या अमदानीत ते आफ्रिकेजवळच्या झांजीबार बेटावर शिंपीकाम करत. चौथी शिकलेल्या त्या माणसाने तिथल्या आठवणी वहीत लिहून ठेवल्या होत्या. साहेबाचं माप घेताना अंगाला हात लावायचा नाही, टेप हवेतच धरायचा, असलं सगळं. बाईंनी त्याचं पुस्तक करायचं मनावर घेतलं होतं. शेवटची चौदा पानं तेवढी उतरवायची राहिली होती. पेन्सिल इतकी फिकी, की फोटोतही उमटेना. त्या पानांत आबांच्या अरब घरमालकाचं कुटुंब होतं. ते झांजीबार सोडून मस्कतला येऊन राहिलं होतं.

"कुणाच्या घरातलं विचारल्याशिवाय छापायचं नाही," बाईंनी बजावलं. वही पोथीसारखी कोऱ्या लाल कापडात बांधून दिली. "आणि परत आण. दुसरी प्रत नाही."

मस्कतच्या विमानात मी बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही.

आमच्या वाडीतला विजूदादा मस्कतच्या हमरिया भागात राहतो, एसी दुरुस्त करतो. त्या घरमालकाची मुलगी त्याला कामावरच सापडली होती. त्याच्या खोलीवर बांगड्याचं तिखलं जेवून आम्ही तिच्या घरी, अल हैलला निघालो. एका बाजूला करपलेले डोंगर, दुसरीकडे पांढरी घरं आणि समुद्र.

ती मुलगी, म्हणजे बीबी, आता सत्तरीच्या. लहानपणी झांजीबारला हिंदुस्थानी शेजाऱ्यांत वाढलेल्या, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलत. त्यांचा मुलगा सालिम कहवा (वेलची घातलेली कडू कॉफी) ओतत राहिला. पुरे झालं की कप हलवायचा, हे मला माहीत नव्हतं. सहा कप प्यायलो. मग वाकून, दोन्ही हातांनी, वही बीबींपुढे धरली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि आत नेऊन ठेवली. सालिमने आम्हाला खजुराचा डबा दिला. छापण्याचा विषय काढायच्या आत निरोप झालाच.

गाडीत विजूदादा कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे मेल्या, कोऱ्या कापडात बांधून दोन्ही हातांनी दिलीस! त्यांना वाटलं भेट आणलीस. खजूर कशाबद्दल मिळाला तुला?"

"मग परत मागू या."

"दिलेली भेट मागणार? माझं गिऱ्हाईक जाईल, आणि तुझी इज्जत."

दोन दिवस विजूदादाच्या खोलीवरच काढले. बाईंना फोन करायला धीर झाला नाही. तिसऱ्या सकाळी एकटाच टॅक्सीने गेलो.

"बीबी, मुझसे गलती हुई. किताब दिखाने लाया था, छापने से पहले पूछना था."

सालिमचा चेहरा उतरला. बीबी मात्र उठून वही घेऊन आल्या. लाल कापड जसंच्या तसं.

"झांजीबार की बगावत में हमारे घर से सब ले गए," त्या म्हणाल्या. "बर्तन, कपड़ा, फोटो. हम खाली हाथ जहाज में बैठे. पूछा किसी ने नहीं. तू पूछने आया. ले जा."

मला वर बघवेना. पानं वाचून दाखवायची परवानगी मागितली. खिडकीत तिरप्या उन्हात वही धरली, तशी पेन्सिल उजळली. त्या चौदांतल्या अकराव्या पानावर मापं होती. छाती, बाही, उंची. खाली आबांचं अक्षर: 'मालकांची धाकटी. वय सात. ईदचा झगा. माप घेताना हात चावते.'

मी हिंदीत सांगितलं. बीबींनी आधी सालिमकडे पाहिलं, मग मोठ्याने हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"छाप. लिख, काटती थी!"

पुढच्या तीन सकाळी मी त्याच खिडकीत बसून चौदा पानं उतरवली.

रत्नागिरीला उतरल्यावर बाईंच्या घरी जायचं धाडस झालं नाही. आधी हे पत्र टाकलं:

"बाईंना साष्टांग नमस्कार.

परवानगी मिळाली. चौदा पानं सोबत आहेत, माझ्या अक्षरात. वही आणली नाही. पहिल्यांदा ती माझ्याकडून चुकून दिली गेली. निघताना मी ती समजून दिली. बीबींच्या लहानपणातलं एवढंच उरलं आहे. आपल्याकडे आबांची शिवणकामाची कात्री तरी आहे.

तुम्ही सांगितलेलं मी पहिल्यांदाच मोडलं. रागावलात तर तसं कळवा. येऊन उभा राहीन.

तुमचा विद्यार्थी."