हर्षालीचा नंबर

सबीहाचं काम काय, हे असोद्यात कुणाला धड सांगता येत नसे. जळगावला विद्यापीठात ती बिझनेस इंटेलिजन्स अ‍ॅनालिस्ट होती. शेजारच्या पुष्पाबाई म्हणत, "पोरगी बसून पोरं मोजते." बसून होतं ते काम हलकं, असं त्यांना वाटे. पण विद्यार्थ्यांच्या नोंदींत एकाच गावाचं नाव पाच तऱ्हांनी लिहून येई, एकच मुलगी दोनदा नोंदलेली असे. कापसातला कचरा वेचावा तसं ते वेचावं लागे. मान मोडून येई, तेव्हा कुठे साहेबांच्या पडद्यावर एक रेघ उमटे.

यंदा त्या रेघेत खड्डा दिसला. दुसऱ्या वर्षानंतर खेड्यांतल्या मुली गळत होत्या. सबीहाला तो खड्डा नवा नव्हता. कॉलेजात असताना असोद्याच्या स्टँडवर तिची मैत्रीण हर्षाली बसच्या खिडकीतून रुमाल टाकून दोघींची जागा धरायची. दुसरं वर्ष संपलं, तिचं लग्न झालं, ती पाचोऱ्याला गेली. तिसरं वर्ष सबीहाने उभ्यानेच काढलं. तिने टाकलेला रुमाल कधी बाकापर्यंत पोचलाच नाही.

शिक्षण सुटलेल्या मुलींना परत प्रवेश घेता येतो, हे त्यांना फोनवर मेसेजने कळवावं, असं तिने प्रेमराज साहेबांना सुचवलं. मॅडम आता दवंडी पिटणार, असा टोमणा मारून त्यांनी सही केली. नावं झाकून काम करायचा नियम होता; मेसेजात नाव संगणकच भरणार होता. नंबर दहा आकडी आहे की नाही, एवढंच तिने तपासलं. मजकूर लिहिताना मात्र डोळ्यांपुढे एकच मुलगी होती. तो वाचून ती काय करील, हे सबीहा मनाशी रंगवत राहिली.

तिने बटण दाबलं आणि तिचाच फोन वाजला.

'हर्षाली, तुमची जागा अजून आहे.'

सबीहाला आठवलं. प्रवेशाच्या वेळी हर्षालीकडे फोन नव्हता. भावाचा नंबर दिला तर निरोप पोचणार नाही, म्हणून दोघींनी सबीहाचा लिहिला होता. तेव्हापासून विद्यापीठाने हर्षालीला कधी काही कळवलंच नव्हतं.

रविवारी ती पाचोऱ्याला गेली. हर्षाली अंगणात धुणं वाळत घालत होती. ओले हात पदराला पुसून तिने फोन घेतला आणि दोनदा वाचलं.

"नंबर तपासायला बसवली, अन् स्वतःचा ओळखता आला नाही?"

सबीहा हसली. मग तिने विचारलं, येशील का. हर्षालीने एकदा घराकडे पाहिलं. आत सासूबाई खाटेवर होत्या, उठता येत नव्हतं. आता हर्षालीकडे स्वतःचा फोन होता. तो नंबर लिहून घ्यायला सबीहाने पेन काढलं, तर तिने हात धरला.

"यंदा नाही जमणार. पण नंबर तुझाच राहू दे. निरोप माझ्याकडे आला तर मी पुसून टाकीन. तू नाही टाकणार."

परतीची बस लागली. लोक दाराशी धावले. सबीहाने खिडकीतून रुमाल टाकला, तो नेमका दोघींपुरत्या बाकावर पडला. चढून ती खिडकीशी बसली, रुमाल शेजारी तसाच होता.

"शेजारी कोणी शे का?" एका बाईने विचारलं.

सबीहाने रुमाल लगेच उचलला नाही.