करापानांच्या घरातल्या दोन भाषा

मी पत्रकांवर वाढले. अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या बेसमेंटमध्ये बाबा मराठी शाळेची पत्रकं छापायचे आणि मी घड्या घालायचे. 'घरात मराठीच' हे वाक्य तेव्हापासून पाठ. त्यामुळे कन्नड मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे पुढे फक्त इंग्लिश. संपलं." महिनाभर त्यांनी तो विषय काढू दिला नाही.

त्याच सुमारास एका उपवासाच्या दुपारी मी मैत्रिणीला घरी बोलावलं. मी शिकवते त्या इंग्रजीच्या वर्गात येणारी, कोलंबियाच्या जंगलातल्या करापाना लोकांतली. खिचडीतला साबुदाणा तिनं बोटांत चेपला. "हा तर आमच्या कसाव्याच्या कंदाचा! आमच्या बायका तो किसतात, पिळून विष काढून टाकतात आणि भाकरी भाजतात."

बाबा खूश झाले. तिनं विचारलं, "काका, काकूंची भाषा कोणती?"

"मराठीच की."

तिचा चमचा थांबला. "दोघांची एकच? आमच्यात एका भाषेचे सगळे भाऊबहीण. लग्न दुसऱ्या भाषेतच करायचं."

"तरीच इतकी वर्षं भांडतोय!" आई म्हणाली.

बाबा हसले नाहीत. "मग भाषा टिकते कशी?"

"आई तिच्या भाषेत बोलायची, वडील करापानात उत्तर द्यायचे. कुणी कुणाला भाषा सोडायला लावली नाही. मी वडिलांची बोलते, आईची सगळी समजते."

हे तिनं ताठ मानेनं सांगितलं. कौतुक करून घ्यायला नव्हे, आपल्या घरची रीत सांगावी तसं. मला तिचा विलक्षण अभिमान वाटला. एका घराला एकच भाषा हवी, असं आम्ही वर्षानुवर्षं छापलं. ते चूक होतं, हे मी इथे लिहून ठेवते.

"पण मुलं बापाच्या भाषेची ना?" बाबांनी मला टोमणा मारला. "तुझी कानडी होणार."

"तेवढा नियम मी घेणार नाही. दोन्ही बोलतील."

"बघू."

रविवारी बाबांनी स्वतःच माझ्या होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. माझ्यामुळे त्याला मराठी कळतं, बोलता येत नाही. तो इंग्लिशमध्ये सुरू झाला तसे बाबा म्हणाले, "इंग्लिश कॅन्सल. मी मराठीत बोलतो, तू कन्नडमध्ये बोल. शनिवारी जेवायला ये."

पलीकडून कन्नडमध्ये लांबलचक काहीतरी आलं. त्यातला 'ऊटा' एवढाच शब्द बाबांनी पकडला.

"हां, हां, जेवायलाच," ते म्हणाले. "आईवडिलांनाही आण."